सुकट बांधायचा कागद

कामोठ्याच्या क्लासमध्ये सरांनी ‘स्ट्रेंग्थन’चे अर्थ विचारले. अनुयाने स्वतः नोट्स काढून दिल्या होत्या, तरी तिचा मुलगा देवेश ‘मजबूत करणे’वरच अडला. सुकट विकणाऱ्या जनीची कोमल मात्र थांबेचना. पूल मजबूत करतात, वारा जोर धरतो, रुपया वधारतो! घरी देवेशकडून हे ऐकून अनुयाच्या पोटात दुखायला लागलं.

दुसऱ्या दिवशी जनी दारात आली, तेव्हा अनुयाने विचारलंच, “कुणाची शिकवणी लावलीस गं पोरीला?”

“शिकवनी कसली, ताई! सुकट बांधायला तुमी देवेशच्या जुन्या वह्या देता ना? वाचून झाल्याबिगर पोरगी पान फाडू देत नाय.”



पुढच्या रविवारीही अनुयाने जनीला आठवणीने रद्दी दिली. शेजारच्या पटेलांकडून मागून आणलेली गुजराती वर्तमानपत्रं.