सहावी रेघ

"टॉवेल परत वर! कितीदा सांगायचं या घरात?"

थोरली बाथरूमच्या दारात कमरेवर हात ठेवून ओरडली. छोटा पिवळा टॉवेल शॉवरच्या दांडीवर लटकत होता. तिने तो ओढून खालच्या लाल खुंटीला अडकवला. कोपऱ्यात सरकलेलं बुटकं स्टूल पुन्हा खुंटीखाली आणून ठेवलं. गेली चार-पाच वर्षं हाच खेळ चालला होता. टॉवेल वर कोण टाकतं आणि तो ओला कसा होतो, यावर घरात ज्याचं त्याचं वेगळं म्हणणं होतं. मधला दीर म्हणायचा, पाइप गळतोय. धाकटी जाऊ म्हणायची, वहिनी स्वतःच टाकतात आणि विसरतात. म्हणायची अर्थात पाठीमागे. तोंडावर बोलायची कोणाची टाप होती?

घर मोठं. तीन भाऊ, तीन जावा, वर-खाली मिळून चार बाथरूम. मुलं शिकून पांगलेली. तीन बाथरूम फोडून नवी करायचा बेत एका चहात ठरून गेला होता. घोडं अडलं होतं ते या चौथ्यापाशी, जिन्याच्या वरच्या. घरातली भिंत फोडायची तर सहाही जणांचा होकार हवा, हा नियम सासरे घालून गेले होते. पाच होकार आले होते. सहावा काही केल्या येत नव्हता.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच सगळे मूग गिळून बसले होते. थोरलीची लेक सतरा वर्षांपूर्वी गेली. पाच वर्षांची होती, तापाचं निमित्त झालं. मग एकेक खोली बदलत गेली. तिच्या निजायच्या जागी इस्त्रीचं टेबल आलं, भिंतींना नवा रंग लागला. राहिली ती एवढी लाल खुंटी आणि तिच्यावरचा तो पिवळा टॉवेल. ती बसवायची म्हणून बापाने "हात वर कर बघू" म्हटलं, तेव्हा पोरीने लबाडी केली होती. मोठं दिसायचं म्हणून गुपचूप टाचा उचलल्या. खुंटी दोन बोटं वर बसली. मग रोज हात पुरेना, म्हणून ते स्टूल आलं. आता ती खुंटी पाडायची म्हणजे लेकीला दुसऱ्यांदा पोचवून यायचं. थोरलीचा जीव तिथे अडकला होता.

मिस्त्री दहाला आला. आधी गच्चीत जाऊन त्याने टाकीचा कॉक बंद केला. घरातले सगळे नळ कोरडे पडले. मग त्याने नकाशा गुंडाळून बाजूला ठेवला.

"कागदाचं माप कागदाला," तो म्हणाला. "मला माणसं द्या. घरात किती जण?"

"सहा," धाकटा दीर म्हणाला.

"मग सहा रेघा. चला, एकेक या."

उजेड चांगला म्हणून त्याने जिन्यावरच्या त्याच बाथरूमचं दार धरलं. चौकटीला टेकून उभं राहायचं, हात सहज वर करायचा. बोटं पोचतील तिथे तो पेन्सिलीने रेघ मारायचा. खुंट्या, आरसे, कपाटं, सगळं त्या रेघांवरून. वर हशा पिकला होता. धाकटीची रेघ सगळ्यांत खाली, म्हणून मधला तिला चिडवत होता.

थोरली खाली स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. नवरा येऊन म्हणाला, "अगं, माप दिलं म्हणजे होकार दिला असं नाही."

"माझं काही एक मोजायचं नाही."

तो आला तसा गेला. मापं देऊन बाकीचेही खाली आले. थोड्या वेळाने वरून मिस्त्रीचा आवाज आला, "झालं बरं का!" थोरलीने ताट सरकवलं. पदराला हात पुसत ती जिना चढली. काय तो सोक्षमोक्ष आजच लावायचा होता. तिच्या मागोमाग बाकीचेही वर आले.

"मिस्त्री, हे बाथरूम फोडायचं नाही. सांगून ठेवते."

"नका फोडू, बाई. पण मापं झाली. सहाच्या सहा."

"सहा कशी? मी तर खाली होते."

मिस्त्री गोंधळला. "मग त्या ताई? ओल्या केसांच्या? असतील वीस-बावीसच्या. सगळे खाली गेल्यावर आतून आल्या आणि आपणहून उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. नुसत्या हसत होत्या."

"आतून?" धाकटीने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. आत कोणीच नव्हतं. बाथरूमला दुसरं दारही नव्हतं.

थोरलीने चौकटीकडे पाहिलं. पाच रेघा ओळखीच्या होत्या. सहावीपाशी तिने आपला हात नेऊन पाहिला. तिची बोटं चांगली चार बोटं खाली राहिली. मग तिची नजर उंबऱ्यावर गेली. नळ सकाळपासून बंद होते, तरी तिथे ओली पावलं उमटली होती. पाची बोटं आणि चवडा. टाचा नव्हत्या.

तिला आधी भीतीच वाटली, खोटं कशाला सांगा? मग तिने आत पाहिलं. स्टूल कोपऱ्यात सरकलं होतं. पिवळा टॉवेल पुन्हा वर, दांडीवर होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. खाली, जेमतेम छातीच्या उंचीवर, ती लाल खुंटी रिकामी होती. पोर इतकी वर्षं वाढत होती, आणि आई रोज सकाळी तिचा टॉवेल खाली ओढत होती.

तिने आत जाऊन रिकाम्या लाल खुंटीवरून हात फिरवला.

"फोडा," थोरली म्हणाली.

मिस्त्रीने भीतभीत सहाव्या रेघेवर बोट ठेवलं. "खुंटी... इथे लावू?"

"दोन बोटं खाली," थोरली डोळे पुसत म्हणाली. "टाचा उचलायची खोड अजून गेली नाही तिची."