सोडलेला कोपरा

पुरातत्त्व शिकवणाऱ्या आमच्या सरांनी तरुणपणी एक प्राचीन घर खणलं, पण एक कोपरा मुद्दाम सोडला. तिथे लोखंडी खुंटी ठोकून म्हणाले, "हा पुढच्यांसाठी." सहकाऱ्यांनी वेड्यात काढलं. भिंतीवर मासा, ख्रिस्ती लोकांची जुनी खूण, कोरलेला होता, म्हणजे सुरुवातीचे ख्रिस्ती तिथे प्रार्थनेला जमत; पण कधीपासून, यावर विद्वानांची नुसती जुंपलेली. तेव्हा काळ ठरवायला मूठभर कोळसा लागायचा, आता एक जळका दाणा पुरतो. तो मला त्याच कोपऱ्यात सापडला, मासा कोरलेल्या दिव्याखाली. दाण्याच्या तपासणीचा अहवाल हातात पडताच मी तडक सरांकडे गेले. "सर, आपण समजत होतो त्याच्या शतकभर आधीपासून जमत होते ते! तुमचे आभार कसे मानू?" सरांना आता दिसत नाही. त्यांनी विचारलं, "कोपरा सगळा खणलास?" "नाही, अर्धाच." "आणि माझी खुंटी?" "हातभर मागे सरकवलीय." सर हसले. "मग मानलेस की आभार."