एकोणीस चोक शहात्तर

वत्सलाबाई आपला वाढदिवस तिथीने मानायच्या, पण गणित शिकवून निवृत्त झालेले त्यांचे यजमान, लिमये सर, तिथी हमखास विसरायचे.

या वर्षी मात्र तारखेला सकाळीच सरांनी बायकोपुढे गजरा धरला. "दर एकोणीस वर्षांत चांद्रमहिने पूर्ण बसतात आणि तिथी-तारीख एकत्र येतात. एकोणीस चोक शहात्तर. आज तुला शहात्तर झाली, म्हणजे तिथीही आजच."

"अगदी पूर्ण बसतात?"

"जवळजवळ," सर म्हणाले.

"तरीच. तिथी कालच झाली. शेजारणींना मी श्रीखंडसुद्धा खाऊ घातलं."

सरांचा चेहरा उतरला. "मग काल बोलली का नाहीस?"

"महिनाभर माझ्यासाठी आकडेमोड करत होतात. म्हटलं, मोडता कशाला घालायचा," असं म्हणत बाईंनी गजरा माळला आणि फ्रिजमधून त्यांच्या वाटणीचं श्रीखंड काढलं.