अडकणारी सीडी

नव्व्याण्णव साली योगराज नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर सुरतेत, गोडादरा भागातल्या खोलीत आईपाशी राहिला. मालतीबाई त्यावर सिनेमे बघायच्या, पण चित्र सारखं अडकायचं. दुरुस्तीवाला चेतन पुन्हा आला, तेव्हा शेवभाजी दोघांपुरती शिजली होती.

"मावशी, कॉम्प्युटरला तर काहीच झालं नाही," म्हणत त्याने सीडी बाहेर काढली. तिच्यावर खोबरेल तेलाची ताजी बोटं उमटली होती.

मालतीबाईंनी ओशाळून हात पदराखाली घेतला. "जेवून जाशील ना, भाऊ? एकटीला घास उतरत नाही."

चेतनने सीडी हळूच पुसली. "जेवतो की. आणि मशीन नाजूक आहे, मावशी. दर रविवारी येऊन बघावं लागेल."