शेवटचं तर एक नंबर

"आजी, मधेच उठायचं नाही. सगळं ऐक आणि खरं काय ते सांग," म्हणत शर्वरीनं माझ्या कानांवर हेडफोन चढवले. नात मेटल बँडमध्ये गाते. गाते कसली, घसा खरवडून किंचाळते! नव्या अल्बमची दोन गाणी बाहेर आली आणि म्हणे जगभर उदोउदो सुरू झाला. अख्खा अल्बम आज कंपनीकडे पाठवायचा होता.

आमच्या गल्लीत लग्नाचा रस्सा आधी मला चाखवतात. बेचव असला, तर नवऱ्या मुलाच्या आईसमोर तसं सांगते मी.

ऐकत बसले. आधी वाटलं, गोठ्यात म्हैस अडलीय. मग हळूहळू अंगावर काटा आला. माझी पोर आतून पेटली होती. शेवटच्या गाण्यात मात्र नुसता आरडाओरडा. आत काहीच नव्हतं.

हेडफोन काढले. बँडमधली शिकलेली पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. एकजण पुटपुटला, "आजींना काय कळणार यातलं?"

चौथी नापास बाई मी. तेवढंच झोंबलं.

"न कळायला काय झालं? सगळी फक्कड आहेत. शेवटचं तर एक नंबर!"

शर्वरीनं मिठीच मारली. "तेच काढून टाकणार होते मी. खोटं वाटत होतं मला. पण आमची आजी कुणाची भीड ठेवत नाही. पाठवा रे!"

बोलायला तोंड उघडलं, पण तिच्या डोळ्यांकडे बघवेना. "चहा टाकते," म्हणाले आणि आत गेले.