चौथा खळगा

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंनी बारा खळग्यांची प्लेट इनक्युबेटरमधून काढून दिव्याखाली धरली आणि पुन्हा आत ठेवली नाही.

वरच्या ओळीत औषध नव्हतं. तिथल्या सहाही जेलच्या चकत्या आक्रसून मसुरीएवढ्या झाल्या होत्या. खालच्या ओळीत औषध होतं. तिथल्या चकत्या काठोकाठ, जशा ओतल्या तशा. जेलमध्ये जिवंत पेशी होत्या, भाजल्याच्या व्रणातून काढलेल्या. कातडी ओढून धरतात त्याच. व्रण मावशींचा. मावशी इथेच काचेची भांडी धुतात, डाव्या हाताने. उजव्याची चार बोटं तळहातात ओढली गेली आहेत.

"सर, खालच्या ओळीत सुई फिरवली होती?"

जेल घट्ट झालं की कडेने बारीक सुई फिरवून ते सुटं करायचं असतं. नाहीतर ते खळग्याला चिकटून राहतं, आक्रसायचं म्हटलं तरी आक्रसत नाही. परवा बाई रजेवर होत्या. सुई सरांनी फिरवली होती.

"मध्येच फोन आला होता. फिरवली असेल."

"असेल?"

"अहो, प्लेटचा फोटो औषध कंपनीला गेलासुद्धा. सकाळीच अभिनंदन आलंय. आता कडा काय बघत बसलाय?"

"औषधाऐवजी नळाचं पाणी घातलं असतं तरी हाच फोटो आला असता, सर."

बाईंनी सुई उचलली आणि खालच्या ओळीतल्या चौथ्या खळग्यात कडेने एक फेरा मारला. जेल सुटलं. दोघं बघत राहिले. सात मिनिटांत चकतीभोवती काच दिसू लागली.

"एका खळग्याने काही सिद्ध होत नाही," सर म्हणाले.

"मग उरलेले पाच सोडवते."

"प्लेटला हात लावायचा नाही!"

बाईंनी सुई खाली ठेवली. "मावशी कुठायत?"

"खाली गेल्यात. हाताच्या ऑपरेशनची गुरुवारची तारीख सोडायला." सरांनी चष्मा पुसायला घेतला. "मीच म्हटलं, चाकू कशाला लावून घेता? औषधाच्या चाचणीत पहिलं नाव तुमचं."

"दीड वर्ष थांबल्या होत्या त्या तारखेसाठी! आणि तुम्हाला फोन आला होता!"

लिफ्टची वाट न बघता बाई जिन्याने धावल्या. चार मजले.

त्या खाली पोचायच्या आत मावशी लिफ्टने वर आल्या.

"झालं, सर. ती खिडकीवरची सारखी म्हणत होती, नीट विचार करा, तुमचा नंबर लगेच दुसऱ्याला जाईल. मी म्हटलं, आमच्या सरांपेक्षा तुला जास्त कळतं का गं?" त्या स्वतःच हसल्या.

मग प्लेटवर वाकल्या. सकाळी खालची ओळ सरांनीच त्यांना कौतुकाने दाखवली होती.

"सगळी माझीच कातडी ना ही? मघाशी तर सारखी होती." डाव्या हाताचं बोट चौथ्या खळग्यापाशी थांबलं. "मग ही एकटीच का आखडली?"