इलाची तडजोड

"कुणी विश्वास ठेवणार नाही, पण गेल्या मंगळवारी आमच्या इलाने अमेरिका फुटता फुटता वाचवली," असं म्हणून जगन्नाथकाकांनी पुरणपोळीवर तुपाची धार धरली.

हॉलमध्ये हशा पिकला. काकांच्या थापांना अख्ख्या फ्रीमाँटमध्ये मान होता. मागे त्यांनी फ्रीवेवर एका अस्वलाला लिफ्ट दिली होती. आजच्या जेवणाचं कारण मात्र खरं होतं. आठवीतल्या इलाला, त्यांच्या नातीला, वर्गात 'बेस्ट निगोशिएटर'चं सर्टिफिकेट मिळालं होतं. तिच्या आईने, सीमाने, ते टीव्हीखाली उभं करून ठेवलं होतं. इला त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

खिडकीपाशी शेजारची जोसलिन जेवत होती. इलाच्या वर्गातली एकटीच काळी मुलगी. तिची आई नर्स, शनिवारी ड्यूटीवर. त्यामुळे बालवाडीपासून दर शनिवारी जोसलिनचं ताट इथेच. एरवी दोघी मांडीला मांडी लावून बसायच्या. आज मध्ये सगळा हॉल होता. सीमाने ते पाहिलं. असेल शाळेतलं काहीतरी, म्हणून विचारलं नाही.

"तर साल अठराशे पन्नास," काका म्हणाले. "इतिहासाच्या तासाला टीचरने चिठ्ठ्या टाकल्या. अर्धा वर्ग नॉर्थ, अर्धा साउथ. नॉर्थ म्हणे, हे आपलं कॅलिफोर्निया देशात येऊ दे, पण इथे गुलामी नको. साउथ म्हणे, चालेल, पण आमच्याकडून पळालेले गुलाम आम्हाला परत करायचे. आणि एका पोरीला चिठ्ठी आली ती नेमकी पळालेल्या गुलामाची. ती बसली नॉर्थच्या टेबलाखाली लपून. साउथची पोरं ओरडतायत, ती द्या, नाहीतर देश मोडला!"

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय! खुर्च्या उडाल्या. टीचर बेशुद्ध. प्रिन्सिपॉलला वाटलं, भूकंपच. फायर ब्रिगेड बोलावली हो!"

"आजोबा, पुरे ना. प्लीज," इला म्हणाली.

मंगळवारी शाळेतून येताना तिने त्यांना गाडीत सगळं सांगितलं होतं. एकाच सुरात, खिडकीबाहेर बघत. रडली नव्हती. काकांनी रेडिओ बंद केला होता आणि सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवली नव्हती. ही गोष्ट त्यांनी तिथेच रचायला घेतली.

"अरे, आमच्या घरात आई पुण्याची, बाप नागपूरचा," ते आता जोरात म्हणाले. "गणपतीत मोदक उकडीचे की तळणीचे, हा तंटा दर वर्षी कोण मिटवतं? इला! थोडं तुमचं, थोडं त्यांचं, ॲडजस्ट करा. तेच तिने तिथे केलं. एका वाक्यात! कॅलिफोर्नियाचा प्रश्न सुटला, देश जोडला आणि लंचला सगळे एकत्र पिझ्झा खायला."

टाळ्या पडल्या. इलाने वाटीतला कट चमच्याने ढवळला. तो ती मघापासून ढवळतच होती.

"पण काका," राधिकाने विचारलं. ती समोरच्या घरातली, नुकतीच पुण्याहून आलेली. "थोडं त्यांचं म्हणजे काय दिलं साउथला? त्या टेबलाखालच्या पोरीचं काय झालं?"

काकांचा हात पोळीवर थांबला. मग ते हसले.

"ती? ती पळाली की! त्या गडबडीत टेबलाखालून दारात, दारातून ग्राउंडवर, तिथून जी सुटली ती थेट कॅनडा. अजून पळतेय म्हणतात."

पुन्हा हशा पिकला.

"खोटं."

आवाज खिडकीकडून आला. मराठीत. जोसलिनला मराठी कळतं, हे त्या घरात एकट्या इलाला माहीत होतं.

जोसलिनने ताट खाली ठेवलं.

"मी नाही पळाले, आजोबा. इलाने हात धरून मला परत दिलं."